बोट उचलायची जागा

तिगावच्या स्टेशनवर फलाटाच्या टोकाला एक कडुलिंब.

संत्र्याचा देठ कात्रीनं कापावा, ओढू नये. ओढला की सालीला भोक पडतं आणि दिल्लीला पोचेपर्यंत अख्खं खोकं सडतं.

पाच म्हातारी माणसं एका गाडीला टेकून उभी. गाडीचं दार चेपलेलं.

ताडपत्री. तिच्या कडेला पितळी कड्या, त्यातल्या काही गळून गेलेल्या.

'वाट' या शब्दावर दादाजी बोट उचलतो.

कापसाच्या गाठी ऐकतात, पण परत काही बोलत नाहीत.

फाल्गुनातल्या त्या दुपारी यमुना पांढुर्ण्याच्या संत्रामंडीतून घरी निघाली होती. हातांना सालीच्या तेलाचा वास, नखांत पिवळं. वाटेत दत्तात्रयचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तिचा ट्रान्झिस्टर तिथे आठवडाभर पोट उघडून पडलेला. "झाला का रे दत्तू?" "होऊन राहिला काकू, बसा." हे 'होऊन राहिला' आठवडाभर होतच राहिलं होतं, म्हणून ती हट्टानं बाकड्यावर बसली. दत्तात्रय दुसऱ्याच एका मोठ्या टेपरेकॉर्डरवर ओणवला होता. आत कॅसेट होती. त्यानं बटण दाबलं. आधी नुसती खरखर आली, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. मग एक गिटार. तेल न घातलेल्या बैलबंडीच्या आखासारखी, पण चालीत. ढोलवाला जरा मागे मागे वाजवत होता, जणू प्रत्येक ठोक्याआधी तो विचार करत होता की मारू का नको. मग तोंडानं वाजवायचा बाजा, रामाकोन्याच्या चढावर छोट्या लाइनीचं इंजिन दमतं तसा. आणि मग एक माणूस गाऊ लागला. भाषा कळायचं कारणच नव्हतं. पण वापरलेला आवाज तिला कळत होता. वाऱ्यात ओरडून ओरडून ज्याची कड गेली आहे, आणि कड गेली म्हणूनच जो आता कुणाला लागत नाही, असा आवाज. त्यानं एक ओळ म्हटली. तीच पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा त्या ओळीला त्यानंच उत्तर दिलं. यमुनाला मनात हसू आलं, कारण तिची गाण्याची पार्टीसुद्धा असंच करायची. खेड्यात मागे बसलेल्या बाईला पहिल्या वेळी ओळ ऐकू येत नाही, दुसऱ्या वेळी येते, आणि तिसऱ्या वेळी ती आपल्यासोबत असते. ती हसत होती तोच ती जागा आली. गिटार थांबली. ढोल थांबला. बाजा थांबला. सगळ्यांनी हात काढून घेतले आणि त्या म्हाताऱ्याचा आवाज एकटाच एका ठिकाणी जाऊन बसला. वरही नाही, खालीही नाही. अंधारात हात घालावा आणि हाताला लागलेली कडी आपल्याच घराची निघावी, तसं झालं यमुनाला. तिच्या मांडीवरची थैली खाली घसरली आणि डागी संत्री दुकानभर पांगली.

"काय आहे रे हे?"

"खाणीतल्या इंजिनिअरसायबाचं आहे. त्याईचा भाऊ पाठवते बाहेरदेशातून. ब्लूज म्हणते म्हणे याले."

"म्हणजे?"

"मले काय मालूम काकू. मी त मशीन पाहून राहिलो. आवाज बराबर येऊन राहिला ना?"

"मांगं घे."

"काय?"

"ते गाणं. थोडं मांगं घे अन् परत लाव."

त्यानं लावलं. पुन्हा ती जागा. तीच. चुकून गेला असता तर दुसऱ्या कडव्यात तिथे गेला नसता. पण हा माणूस तिथे वहिवाटीनं जात होता, विहिरीवर जावं तसा. आणि त्याच्या साथीदारांना ते ठाऊक होतं. यमुना संत्री गोळा करायची विसरली. तिच्या डोक्यात एकच एक प्रश्न फिरू लागला, आणि तो तिला अजिबात वेडगळ वाटला नाही: याची पेटी कोणत्या स्टेशनवर भिजली असंन?

कारण तिची तिगावला भिजली होती. पेटी म्हणजे हार्मोनियम, तिच्या बापाची, तुळशीरामची. सौंसरच्या तुळशीराम आणि पार्टीची सगळी इस्टेट म्हणजे ती पेटी, एक ढोलकी, झांजा आणि जयंतीच्या बॅनरचं निळं कापड. चैत्र लागला की पार्टी निघायची. चौदा एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत आज मोहगाव, उद्या तिगावच्या पलीकडचं एखादं खेडं, परवा बैलबंडीनं आणखी आत. त्या वर्षी तुळशीराम तापानं फणफणून घरी होता आणि त्यानं पहिल्यांदाच लेकीला कोरसमधून पुढे बसवून पाठवलं होतं. कार्यक्रम झाला. सकाळची पॅसेंजर धरायला सगळे तिगावच्या फलाटावर उभे, तर ऐन चैत्रात आभाळ फाटलं. गारा, मग पाणी. पेटी भिजली. उन्हात वाळवली, भाता उघडून ठेवला, एकेक सूर रुसलेल्या पोरासारखा घरी परत आला. एक मात्र आला नाही. मधल्या सप्तकातला गंधार, सा-रे-गमधला तिसरा, तो कोमल राहिला नाही आणि शुद्धही राहिला नाही. मध्येच कुठेतरी बसला. सोबत ताडपत्री असताना पेटी कशी भिजली, ते तुळशीरामनं मरेपर्यंत विचारलं. जावई शालिकराम, म्हणजे यमुनाचा नवरा आणि पार्टीचा ढोलकीवाला, तो विषय निघाला की तंबाखू मळायला घ्यायचा. दादाजी, तिचा चुलतभाऊ, पेटीवाला, तो म्हणायचा, "भिजली म्हणजे भिजली काका. पाणी काय पुसून येते का?" हंगाम चालू होता, दुरुस्तीला नागपूरला कोण जाणार. त्याच पेटीवर यमुना गायली. वर्षंच्या वर्षं गायली. पोचा पडलेल्या गडव्यात पाणी पोच्याच्या आकाराचं होतं. तिचा आवाज त्या सुरात जाऊन तसाच झाला. तिला ते कळलंसुद्धा नाही. आपल्या अंगाचा वास आपल्याला कुठे येतो.

मग एका वर्षी दादाजीनं पेटी नागपूरहून नीट करून आणली आणि मोहगावच्या कार्यक्रमात पहिल्यांदा वाजवली. तुळशीरामचं गाणं होतं. त्याची आई, म्हणजे यमुनाची आजी, छपन्न साली दीक्षेला सौंसरहून नागपूरला चालत गेली होती, त्याचं गाणं:

चालत गेली माय नागपूरला, वाट सरंना बाई
पायात रुतला काटा, काढाया सुई नाही

'वाट' शब्द त्या गंधारावर होता. पेटी एकीकडे आणि यमुना दुसरीकडे, एका घरात दोन चुली पेटल्यासारखं झालं. समोरच्या लोकांनी माना वर केल्या. दुसऱ्या कडव्यात 'वाट' आली तेव्हा दादाजीनं गुपचूप बोट उचललं. दादाजीचं काहीतरी चुकलं असं वाटून शालिकरामचा हात ढोलकीवर थांबला. ढोलकी थांबली म्हणून कोरस थांबला. यमुनाचा आवाज त्या शब्दावर एकटाच राहिला. मोहगावची माणसं, जी एव्हाना विडीकाडी, पोरंबाळं, लग्नाच्या गोष्टी यांत गुंतली होती, ती गप्प झाली. म्हातारी देवकाबाई तोंडावर पदर घेऊन बसली, कार्यक्रम संपल्यावर एवढंच म्हणाली, "जयभीम बाई. तुया आजीले पाहिलं होतं मी. अशीच थांबली होती, नागपूरच्या रस्त्यावर, काटा काढायले." त्यानंतर ती पार्टीची रीतच झाली. 'वाट' आली की बोट उचलायचं. नव्यानं आलेल्या कोरसवाल्याला कुणी सांगत नसे. दादाजी एकदा डोळ्यांनी पाहायचा, पुरे.

आणि आता मागल्या महिन्यात नागपूरचा कॅसेटवाला येऊन गेला होता. सफारी घातलेला, घामानं पाठ भिजलेली, पण माणूस वाईट नव्हता. पार्टीची कॅसेट काढायची, जयंतीच्या आधी बाजारात आणायची, असं त्याचं म्हणणं. इतकी वर्षं फिरून फिरून पार्टीची जी गाणी बंडीच्या धुळीसारखी मागे उडून गेली ती आता डबीत बसणार, या विचारानंच दादाजीला रात्रभर झोप नव्हती. कॅसेटवाल्यानं सगळी गाणी ऐकली. 'वाट'पाशी तो अडला. "बाई, आवाज दमदार आहे. पण या जागी सूर उतरते. अन् वरून तिथं सगळे थांबून जाता तुम्ही. कॅसेटमध्ये गॅप आली ना, की गिऱ्हाईक समजते टेप खराब आहे. परत आणून देते." कोपऱ्यात यमुनाची लेक स्मिता बसली होती. छिंदवाड्याला कॉलेजात शिकणारी, दोन दिवसांसाठी घरी आलेली, संगीताच्या दोन परीक्षा पास. सहज म्हणून तिनं ती ओळ गुणगुणली. गंधार आपल्या जागेवर, स्वच्छ, धुतलेल्या ताटासारखा. कॅसेटवाल्यानं बोट केलं. "हे गाणं ही म्हणंल. बाकीचे तुम्ही म्हणा." सगळे यमुनाकडे बघू लागले. ती म्हणाली, "म्हणू दे. लेक त माहीच आहे." आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं. मग त्या दिवसापासून मंडीत देठ कापताना कात्री हातात थबकायची ती का? स्मिता पाचवीत असताना एकदा म्हणाली होती, "आई, तुझा ग उतरतो." त्या दिवसापासून यमुना आपल्या गळ्याकडे, घरात एखादं लंगडं माणूस असावं आणि पाहुण्यांसमोर त्यानं उठू नये असं वाटावं, तशी बघत आली होती. लंगडं माणूस आता बाहेर जाणार नव्हतं. बरंच झालं की.

"आई! इथं काय करून राहिली? भाकरी कोण टाकंल, बाबा का दादाजीमामा?"

स्मिता दुकानाच्या पायरीशी उभी. होळीच्या सुट्टीला आलेली. यमुनानं तिला हातानंच बस म्हटलं. दत्तात्रयनं, न सांगता, टेप मागे घेतली. म्हातारा पुन्हा गाऊ लागला. ती जागा आली, आणि स्मिता फस्सकन हसली. "बाप्पा! हा त तुह्याहून बेसूर आहे." यमुना हसली नाही. म्हातारा दुसऱ्या कडव्यात आला, पुन्हा तिथेच गेला, पुन्हा सगळ्यांनी हात काढले. स्मिताची बोटं दत्तात्रयच्या फळीवर आपोआप हलू लागली, पेटीवर शोधावं तशी. एक बोट कोमल गंधारावर ठेवलं, उचललं. शुद्धावर ठेवलं, उचललं. मग ते दोन्हींच्या मधल्या, नसलेल्या फटीत जाऊन थांबलं. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. कॅसेटच्या डबीतला कागद तिनं उलगडला. त्यावर फोटो: पाच म्हातारी माणसं, चेपलेल्या दाराची गाडी.

"काय लिवलं आहे?"

"पार्टी आहे ही. वीसेक वर्षांपासून गाडीतच फिरून राहिले म्हणते. गावोगाव. ही त्याईची नवी कॅसेट आहे."

"घर कुठं आहे त्याईचं?"

स्मितानं कागद उलटा केला, सुलटा केला. "ते नाई लिवलं."

यमुनानं कागद हातात घेतला. पाचही माणसांचे खांदे एका बाजूला झुकलेले, सामान वाहून झुकतात तसे. एकाच्या बुटाची नाडी सुटलेली. फोटो काढणाऱ्यानं सांगितलं असेल हसा, म्हणून चौघं हसत होते; मधला हसत नव्हता, तो गाणारा असणार. इतक्या लांब, समुद्रापलीकडे, जिथे ज्वारी पिकत नाही आणि चौदा एप्रिल नुसतीच एक तारीख आहे, तिथे कुणीतरी बोट उचलतं. तिला एकदम आभाळ फार मोठं वाटलं. भीती नव्हती ती. लहानपणी वडील खांद्यावर घेऊन नागपूरच्या गर्दीत उभे होते, आणि डोक्यांच्या पलीकडे डोकी, त्यांच्या पलीकडे डोकी दिसत होती, तेव्हा वाटलं होतं तसं. आपण इतके आहोत? आपण इतके लांबपर्यंत आहोत? म्हातारा शेवटची ओळ म्हणत होता, आवाज खाली खाली येत होता, आणि आता तो पुन्हा एकदा त्या जागेकडे वळणार, हे यमुनाला आधीच कळलं, तिनं श्वास आत घेतला आणि तिच्याही नकळत तिचा गळा त्याच्याबरोबर

खट्.

"बाजू संपली काकू," दत्तात्रय म्हणाला. "पलटू?"

पलटायला वेळ नव्हता, भाकरी टाकायच्या होत्या. पण घशात चढलेला तो सूर तसाच अर्धा राहिला आणि रविवारपर्यंत उतरला नाही. मंडीत, गवताच्या थरावर संत्री मांडताना, नळावर, झोपताना. कोणाला सांगावं आणि काय? की मला ते गाणं पाहिजे? पोटच्या पोरीच्या तोंडचं? तिनं स्वतःला विचारून पाहिलं, तुला तिचा हेवा वाटतो का. नाही वाटत. पोरीचं गाणं ऐकून तिचा ऊर भरून यायचा. मग ते गाणं एका नीट, धुतलेल्या गंधारावरून सरळ पुढे निघून जाईल, कुठे थांबणारच नाही, काटा काढायलासुद्धा नाही, याचा विचार आला की आजी एकटी रस्त्यात मागे राहिल्यासारखी का वाटते?

रविवारी सौंसरच्या बसमध्ये शालिकराम ढोलकी मांडीवर घेऊन बसला होता. "काय व, चार दिवसांपासून तोंडात मिठाची गुळणी धरली?" यमुना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आपली पेटी कायनं भिजली, ते माह्या बापाले आपण सांगितलंच नाई." शालिकरामनं खिशातली तंबाखूची डबी काढली.

रेकॉर्डिंग सरकी-कापसाच्या एका गोडाऊनमध्ये होतं. कॅसेटवाल्यानं स्वतः शोधलेली जागा. चारी बाजूंनी छतापर्यंत रुईच्या गाठी रचलेल्या. "इथं आवाज घुमत नाही," तो म्हणाला. आत शिरल्यावर यमुना खोकली आणि दचकली. खोकला तोंडाबाहेर पडला आणि संपला. आजवर खेड्यातली भिंत, झाड, देऊळ, माणसांची दाटी, काही ना काही तिचा आवाज परत पाठवायचं. इथे दिलेलं परत येत नव्हतं. सकाळपासून एकेक गाणं झालं. टेपची मोठी रिळं फिरत होती. दादाजीपुढे कॅसेटवाल्यानं आणलेली नवी पेटी, तिच्या पट्ट्या दातांसारख्या पांढऱ्या. शेवटी ते गाणं आलं. स्मिता माइकसमोर बसली. कॅसेटवाला म्हणाला, "मधात थांबायचं नाही कोणी." ती गायली. दादाजीनं बोट दाबून ठेवलं, अंगठ्यानं धरून ठेवल्यासारखं. ढोलकी चालत राहिली, कोरस चालत राहिला. गाणं सुंदर झालं. यमुनाला ते सुंदर वाटलं, हेच तर अवघड होतं. वाईट झालं असतं तर गोष्ट सोपी होती. शालिकरामनं उपरण्यानं डोळे पुसले. कॅसेटवाल्यानं कानांवरचे हेडफोन काढले आणि हात जोडले. "झालं. एकदम बढिया."

"मी म्हणतो एक खेप," यमुना म्हणाली.

आपला आवाज तिला बाजूला बसलेल्या बाईचा वाटला.

"बाई, रीळ संपलं ना. आणखी आणलं नाही मी. आता घ्यायचं म्हटलं त हिच्यावरच घ्यावं लागंन. हिचं पुसून जाईन."

दादाजी नखं पाहू लागला. यमुनाच्या कानशिलांत गरम झालं. पोरीचं पुसून? ज्या तोंडानं बोललो ते तोंड जळो. "मंग राहू द्या," ती म्हणाली. "मी सहजच म्हटलं." आणि ती पदर सावरून उठायला लागली.

"घ्या," स्मिता म्हणाली.

"अवं पोरी, पुसलं की गेलं. मंग परत नाई येत ते," कॅसेटवाला म्हणाला.

"मालूम आहे मले. माह्यावर घ्या." ती माइकसमोरून उठली आणि मागे, कोरसच्या रांगेत, झांजवाल्याला सरक म्हणून जाऊन बसली. "मामा, सुरू करा ना. काय पाहून राहिले?"

रीळ उलटं फिरलं. सूंसूं करत एक गाणं मागे मागे गेलं. मग यमुना गाऊ लागली. 'चालत गेली माय' म्हणताना तिला समोर काहीच दिसत नव्हतं, नुसता कापूस, पांढरा, ऐकणारा. आपला आवाज इतका उघडा तिनं कधी ऐकला नव्हता. त्याची झिजलेली कड, त्यातली तिगावची, मोहगावची धूळ, बैलबंडीतले हिसके. लाज वाटेल असं तिला वाटलं होतं. तिला आश्चर्य वाटलं. हे एवढं सगळं मी वाहून आणलं? मग 'वाट' आली. नवी पेटी थांबली. ढोलकीवर हात सपाट पडून राहिला. कोरस थांबला, त्यात एक श्वास तिला ओळखू आला, लेकीचा, आत घेतलेला आणि धरून ठेवलेला. सूर आपल्या जागी जाऊन बसला, वरही नाही, खालीही नाही, आणि गाठींनी तो घेतला, परत दिला नाही. ती थांबली. रस्त्याच्या कडेला एक बाई वाकून पायातला काटा पाहत होती. पलीकडे, फार पलीकडे, चेपलेल्या दाराला टेकून पाच माणसं वाट पाहत उभी होती, त्यांनाही घाई नव्हती. मग दादाजीचं बोट खाली आलं आणि सगळे मिळून पुढे निघाले.

कॅसेटवाल्यानं कानांवरचे हेडफोन काढले. मग म्हणाला, "लोकाईले टेप खराब वाटंन."

"नागपूरले वाटंन," दादाजी नव्या पेटीचा भाता बंद करत म्हणाला. "मोहगावले नाई वाटत."

तिगावच्या स्टेशनवर ताडपत्री एकच होती. ती चार महिन्यांच्या स्मितावर घातली होती.